इंग्लंडच्या पंतप्रधानावर पहिलं बक्षीस

त्या सिगारवाल्याचं तोंड मला बघवत नाही. आणि नशीब बघा, इथे सौदीतल्या जिझानमध्ये वक्तृत्व स्पर्धेत माझ्याच लेकीच्या वाट्याला तो आला. दुसऱ्या महायुद्धातला इंग्लंडचा पंतप्रधान! आठवीच्या मुलींनी चिठ्ठ्या उचलल्या. कुणाला शास्त्रज्ञ मिळाला, कुणाला खेळाडू, आमच्या बाईसाहेबांना हा.

इथल्या आमच्या इंडियन स्कूलची रीतच अशी, की भाषण आयांनी लिहायचं आणि मुलांनी पाठ करायचं. मी हॉस्पिटलात नर्स. ड्यूटीवरून आले की त्याचं चरित्र उपसत बसायचे. जन्म राजवाड्यात. शाळेत ढ. मेल्याने पक्ष बदलले तेही दोनदा! बंगालात माणसं भुकेने तडफडत होती, तेव्हा धान्य पाठवायला याच्याकडे जहाजं नव्हती. गांधीजींच्या उघड्या अंगाची टिंगल करायला मात्र जीभ होती. युद्ध जिंकलं आणि त्याच्याच लोकांनी मतं देऊन त्याला घरी बसवलं, हे लिहिताना मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! पण पुन्हा निवडून आला, आणि वर साहित्याचं नोबेल. घ्या!

शेवटी मी नाना लिहिले. माझ्या आईचे वडील, रत्नागिरीकडचे. इंग्रजांच्या बोटीवर आगवाले होते, म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा घालणारे. याच्याच युद्धाचा माल नेताना बोट बुडाली. नाना खालच्या खालीच गेले. आई तेव्हा पोटात होती. त्यांचा फोटो नाही, कबर नाही. माझी एकच इच्छा होती, एकदा तरी चार माणसांसमोर कुणी त्यांच्याबद्दल बोलावं.

टीचरने लाल पेनाने सगळं उडवलं. वर शेरा, ‘ओन्ली पॉझिटिव्ह पॉइंट्स.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बंगाल खोडा, गांधीजी खोडा, पण नानांनी काय घोडं मारलं होतं?

“नानांची दोन वाक्यं तरी राहू दे गं,” मी लेकीला म्हटलं.

“अम्मी, प्लीज! ही वॉज जस्ट अ कोल वर्कर. मार्क्स कटेंगे.”

एक ठेवून देणार होते थोबाडात. पण ती रडायला लागली, आणि ती रडली की माझं काही चालत नाही. मीच नवी प्रत लिहून दिली, सुवाच्य अक्षरात, नानांशिवाय. आठवडाभर पाठही मीच करून घेतलं. अडखळली की ओरडायचे, “यल्ला, चल, पुन्हा पहिल्यापासून!”

स्पर्धेत पोरीने काय भाषण ठोकलं! परीक्षक एक वयस्कर डॉक्टर होते, तेही भारतीयच. खूश होऊन त्यांनी विचारलं, “बेटा, तुझ्या घरातलं कुणी होतं का त्या युद्धात?”

मी खुर्चीतून अर्धी उठलेच. बोल गं बाई, बोल! लेकीने माझ्याकडे पाहिलं.

“नो सर,” ती म्हणाली. “नोबडी.”

पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. कप घेऊन ती धावत माझ्याकडे आली, आणि दम लागलेला असतानाच म्हणाली, “अम्मी, ठीक बोला ना मैंने? आपने जो लिखके दिया, उसमें वो था ही नहीं.”

मी हो म्हटलं.