पूजेचं लाकूड आणि प्लॅस्टिकचा ट्रक

“उतारावर गाडी उलटली म्हणजे ड्रायव्हरची चूक. यात पाहाचं काय हाय, फोरमन? सोमवारी त्याले काढून टाकतो आन् लायसन जप्त कराले लिहून देतो.”

मॅनेजरसाहेब हे बोलत होते तेव्हा तो ड्रायव्हर दारातच उभा होता. नामदेव त्याचं नाव, सावली गावाकडचा. डावा हात गळ्यात बांधलेला, कारण गळपट्टीचं हाड मोडलं होतं. त्याच्याकडे बघून मी म्हणालो, “साहेब, सोमवारपर्यंत मला वेळ द्या.”

“घ्या न. सोमवार काही पळून नाई जात.”

हे पन्नासच्या दशकातलं. मी चांद्याजवळ एका लाकूड कंपनीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होतो. जंगलातून साग आणणारे ट्रक दुरुस्त करायचे, हे माझं काम. त्या हंगामाचा पहिलाच ट्रक एका नाल्याच्या उतारावर आडवा झाला होता. ट्रकची केबिन चेपली, माल नाल्यात पसरला. जीव कोणाचा गेला नाही, एवढं नशीब.

बाहेर आल्यावर नामदेव म्हणाला, “भाऊ, देवाशपथ, बैलबंडीच्या चालीनं उतरून राह्यलो होतो. गाडी आपोआपच कलली. पण मायं कोन आयकते? दुसरं काम येत नाई मले. लायसन गेलं त संपलंच.”

तो खोटं बोलणारा माणूस नव्हता, हे मला माहीत होतं. पण माझ्या माहीत असण्याला मॅनेजरसाहेब पुरावा मानणार नव्हते. मी जागेवर गेलो. तिथे चाकांचे वण शोधायचे होते, पण नाल्यातलं लाकूड ओढायला हत्ती लावला होता. त्याने सगळा उतार सारवल्यासारखा करून टाकला होता. एक गोष्ट मात्र हत्तीला पुसता आली नाही. तो रस्ता डाव्या अंगाला कललेला होता. दोरी आणि पाणी भरलेली लेव्हलची नळी लावून मी तो कल मोजला आणि परत आलो.

आता माझ्या नादाबद्दल सांगतो. मॅनेजरसाहेबांच्या मेहुण्याने विलायतेहून दोन खोकी पाठवली होती. वर मोटारीचं रंगीत चित्र, आत तिचेच प्लॅस्टिकचे तुकडे. दरवाजे, चाकं, स्टिअरिंग, सगळं शेंगा लोंबाव्यात तसं प्लॅस्टिकच्या दांड्यांना लटकलेलं. एकेक भाग कापायचा, घासायचा, चिकटवायचा. मूळ मोटारीचा एक फूट म्हणजे इथे अर्धा इंच, याला स्केल म्हणतात. साहेबांचा धीर पहिल्या चाकातच संपला आणि खोकी माझ्याकडे आली. पहिली मोटार मी अशी बनवली की तिच्या बंपरवर चिखलाचे शिंतोडेसुद्धा होते. वर्कशॉपमध्ये सगळे हसायचे. “फोरमनभाऊ, मच्छर बसला त त्याचाबी पुतळा करसान!” मी हसू द्यायचो. मॉडेल करायचं तर पूर्ण करायचं, नाहीतर बाजारात खेळणी स्वस्त मिळतात.

दुसरं खोकं मी दिवाळीसाठी जपून ठेवलं होतं. नामदेवचा ट्रक छोट्या मापात बनवून उतारावर सोडून बघायचं ठरवलं, म्हणून ते उघडलं आणि न बनलेल्या मोटारीवर करवत चालवली. पुढच्या भागाची केबिन केली. सायकलच्या तारेचे लांब आस टाकून चाकांमधलं अंतर ट्रकच्या मापाचं केलं. मागे सागाच्या चिपांचा हौदा बसवला. खोक्यातलं चिकटवायचं औषध वाळून गेलं होतं, म्हणून त्या प्लॅस्टिकच्या दांड्या थिनरमध्ये विरघळवून माझं मीच तयार केलं.

खरी गोम वजनाची होती. प्लॅस्टिक हलकं असतं. खऱ्या ट्रकचा भार खाली चासीत आणि इंजिनात असतो. म्हणून जुन्या बॅटरीतलं शिसं ओतून मी तळाला बसवलं आणि सोनाराच्या काट्यावर वजन बेताचं केलं. मालाची चिंता नव्हती. माल म्हणून सागाच्याच काड्या तासल्या, त्यांचं वजन आपोआप प्रमाणात आलं. मग एका फळीला नाल्याइतका कल दिला आणि भरलेला ट्रक तिच्यावरून हळूहळू सोडला.

ट्रक आरामात उतरला. पुन्हा सोडला, पुन्हा उतरला. माझ्या हाताखालून नामदेवची नोकरी जाताना मला दिसत होती. सावकाश चालवलं तर गाडी उलटत नाही, असं माझंच मॉडेल सांगत होतं. म्हणजे साहेब बरोबर. पण माझा माझ्या मॉडेलवर विश्वास होता आणि नामदेववरही होता. दोघंही खरं बोलत असतील, तर चूक माझ्या माहितीत होती.

मी नामदेवला बोलावून घेतलं. “माल कसा भरला होता, पुन्हा सांग.”

“सांगतलं न भाऊ. नेहमीसारखाच. जाड खाली, बारीक वरतं.”

मॉडेलकडे बघून त्याचा चेहरा मात्र खुलला. “अगदी आपलीच गाडी! फक्त झेंडा नाई.”

हंगामाच्या पहिल्या ट्रकला झेंडा असतो, हे मी विसरलोच होतो. माझी सवय उफाळून आली. म्हटलं, लावू झेंडा. “कुठे बांधला होता?”

“पूजेच्या लाकडाले. सगळ्यात वरतं.”

“ते कुठलं लाकूड?”

“हंगामातलं सगळ्यात जाड लाकूड, भाऊ. त्याले हळद-कुंकू लावतेत, हार घालतेत, आन् पहिल्या गाडीवर वरतं बसवतेत. डेपोत शिरतानी लोकाइले दिसाले पायजे न!”

“अरे, मग मघाशी माल सांगताना हे काऊन नाही सांगितलंस?”

त्याला माझा प्रश्नच कळला नाही. “ते माल थोडी होय, भाऊ? ते देवाचं होय.”

मी त्याला तिथेच मिठी मारणार होतो, पण त्याचं हाड आठवलं.

सोमवारी मी ट्रक आणि फळी घेऊन साहेबांच्या ऑफिसात गेलो. नामदेव सोबत होता.

“हे खेळणं काऊन आणलं?” साहेब म्हणाले.

“तुमचंच आहे, साहेब. मेहुण्यांनी पाठवलेलं. जरा हात लावा.”

त्यांनी नेहमीचा माल भरलेला ट्रक फळीवर सोडला. उतरला. “पाहा! म्हंजे यानंच जोरात चालवली.”

मी खिशातून एक जाड काडी काढली. तिला हळद-कुंकू लावलं होतं आणि टोकाला कागदी झेंडा होता. ती सगळ्यात वर ठेवून दोऱ्याने आवळली. “आता हळू सोडा. हवं तितकं हळू.”

ट्रक जेमतेम निम्म्यात आला, डावीकडे झुकला आणि टेबलावर आडवा पडला.

“खऱ्या गाडीले स्प्रिंगा असतेत,” साहेब म्हणाले, पण आवाज उतरला होता.

“स्प्रिंगांनी गाडी आणखी झुकते, साहेब. म्हणजे अजून लवकर उलटेल.”

ते पडलेल्या झेंड्याकडे बघत राहिले. पूजेच्या दिवशी नारळ त्यांनीच फोडला होता आणि लाकूड नीट मधोमध वर बसलं आहे ना, हे स्वतः ट्रकच्या पायरीवर चढून बघितलं होतं. हे त्यांना आठवत होतं. नामदेवने ते मला आधीच सांगितलं होतं.

साहेबांनी ट्रक उभा केला. सगळा माल उतरवला. कुंकवाची काडी तळाशी ठेवली, बाकीच्या वर रचल्या आणि ट्रक स्वतः सोडला. तो उतरला.

“हात बरा झाला का?” त्यांनी नामदेवला विचारलं.

“होऊन राह्यला, सायेब.”

“झाला की गाडीवर ये.”

नामदेव बाहेर व्हरांड्यात जाऊन खाली बसला आणि एका हाताने डोळे पुसत राहिला.

पुढच्या हंगामापासून पूजेचं लाकूड सगळ्यात खाली जाऊ लागलं. हार आणि झेंडा केबिनवर आले. देवाची काही तक्रार आली नाही. पहिली गाडी नामदेवनेच आणली.

प्लॅस्टिकचा ट्रक साहेबांनी आपल्या काचेच्या कपाटात ठेवला. येईल त्याला दाखवायचे, पण तो का बनवला हे सांगायचे नाहीत. मला तो कधीच परत मिळाला नाही आणि माझी दुसरी मोटार कायमची बनवायची राहून गेली. पण त्यानंतर मी जे जे मॉडेल केलं, त्यात एकही गोष्ट नुसती शोभेची म्हणून सोडली नाही. शोभेच्या गोष्टीलाही वजन असतं.