गुळाचा खडा

शेजारच्या अण्णांचा जन्म छापखान्यात गेला, शिशाचे खिळे जुळवून अक्षरं लावण्यात. गूळ खाल्ला की शिसं अंगाला लागत नाही, असं तिथे सगळेच म्हणत. म्हणून त्यांची बायको, आमच्या वहिनी, अजूनही दुपारी ओट्यावर त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवतात. आज तो अण्णांच्या थरथरत्या बोटांतून निसटला.

हाडं भोळी असतात. शिशाला ती चुना, म्हणजे कॅल्शियम, समजतात आणि घरात घेतात. मग आतली एकेक पेशी, उन्हं कलावीत तशी, गुपचूप म्हातारी होत जाते.

वहिनींनी दुसरा खडा भरवला. फाटकाशी आलेली नवी दूधवाली म्हणाली, "ताई, वडिलांचं किती करता हो!"

वहिनींनी पदराने नवऱ्याच्या ओठांवरचा गूळ पुसला.