सईचा प्रश्न आणि नऊ नारळ

मुलांना घेऊन पुण्यात एखाद्या बाललेखकाला भेटायला जायचा बेत असेल, तर आधी हे वाचा आणि मग ठरवा.

जूनमध्ये आम्ही मस्कतला राहायला जातोय, नवऱ्याला तिथे नोकरी लागली आहे. शेजारच्या आर्याला, जिवलग मैत्रिणीला, सोडून जायचं म्हणून माझी आठ वर्षांची सई हे ठरल्यापासून एकच पुस्तक कवटाळून बसली आहे. त्याच्या लेखिकेचं बालपण झांबियात गेलं, वडील तिथे खाणीत नोकरीला होते. घराएवढ्या वारुळांवर चढणारी पोरं तिच्या गोष्टींत तिथूनच आली. ही लेखिका नारायण पेठेत मुलांशी गप्पा मारणार असं कळल्यावर सईने वहीत प्रश्न लिहिला: 'तुम्ही परत आलात तेव्हा इथल्या मैत्रिणी तुमच्याशी बोलल्या का?'

रविवारी साताऱ्याहून सकाळची एसटी धरली. दोघींनाही अर्धं तिकीट. खंबाटकीचा बोगदा झटक्यात गेला, पण कात्रज ते स्वारगेट पाऊण तास! तिथून रिक्षाच करा, पेठेत गाडी लावायला जागा मिळणार नाही. सभागृहाशेजारी साबुदाणा खिचडी मात्र झकास.

आत पहिल्या तीन रांगांवर 'निमंत्रितांसाठी' अशा पाट्या, आणि मुलं मागे.

"अहो, कार्यक्रम मुलांचा आहे ना?" मी संयोजक काकांना विचारलं.

"म्हणूनच मागे बसवलीत. पुढे बसून चुळबुळ करतात."

मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाली. मंचावर नऊ जण आणि प्रत्येकाला नारळ. प्रमुख पाहुणे 'आजची मुलं वाचत नाहीत' यावर पाऊण तास बोलले. समोर पोरं मांडीवर पुस्तकं घेऊन बसलेली! माझं डोकंच फिरलं.

लेखिकाबाईंना शेवटी दहा मिनिटं मिळाली. त्यांनी वारुळाची गोष्ट सुरू केली आणि हॉल चिडीचूप झाला. गोष्ट संपताच सईने हात वर केला.

"प्रश्न नकोत, वेळ संपली," काकांनी माईक घेतला आणि आभार मानायला लागले. तेही दहा मिनिटं!

आम्ही मंचाकडे धावलो. लेखिकाबाई सईकडे बघून वाकल्यासुद्धा, पण "मॅडम, पाहुणे जेवायला थांबलेत" म्हणत काका त्यांना घेऊन गेले.

परतीच्या एसटीत सईने वही पुन्हा उघडलीच नाही. घरी आल्यावर मी संयोजकांना सणसणीत पत्र लिहिलं. उत्तर आलेलं नाही, येणारही नाही. राग जाईल म्हणून चार दिवस थांबून हे लिहायला बसले, तोच दारात आर्या उभी, रडवेली.

"काकू, सई माझ्याशी बोलतच नाही. म्हणते, जूननंतर तू बोलणार नाहीसच, मग आत्तापासूनच सवय करू."