मुंबई भरायची राहिली

गेल्या रविवारी सकाळी, लालबागच्या रस्त्यावरच्या खडूचित्रांच्या जत्रेत, शेजारच्या चाळीतल्या पेंटरवर अन्याय झाला आणि तो आपणच केला. उकिडवा बसून तो संयुक्त महाराष्ट्राचा नकाशा काढत होता. "ओ काका, पाय काढा, रत्नागिरीवर उभे आहात!" असं बघ्यांना दटावत होता. मुंबई शेवटी भरायची, ही त्याची रीत. तेवढ्यात आपल्या मंडळाचे चिटणीस नारळ घेऊन आले. "तू जरा लांब हो रे. नकाशाची पूजा आहे, बायका कुरकुरतात." तो गेल्या वर्षी बौद्ध झाला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मीही मागे सरून पूजेला जागा करून दिली. त्याने खडू चिटणिसांच्या हातावर ठेवला. "घ्या साहेब, मुंबई तुम्हीच भरा."

अखंड महाराष्ट्र मागता ना? मग आजच त्याच्या खोलीवर जा, माफी मागा आणि त्याच्या घरचं पाणी पिऊन या.