बांधावरचं गाजरगवत

आमच्या आक्काला समजावणं कुणाच्या बापाला जमायचं न्हाय. पंच्याहत्तरी उलटली, दम्यानं छाती वाजतीया. पेठ वडगावच्या डॉक्टरनं पुढ्यात बसवून सांगितलं, गाजरगवताला हात लावायचा न्हाय. आणि ही बाई सकाळी ते उपटायला बांधावर हजर! मी शेजारची बनाबाई, रोज बघती नि रोज चिडती.

आक्का लगीन होऊन आली तवा देशात धान्याची मारामार. रेशनवर अमेरिकेचा तांबडा गहू मिळायचा. चपाती चिवट, वास कुबट, तरी रांगेत भांडणं. आक्का तो सुपात पाखडायची आणि निघालेलं बारीक बी बांधावर टाकायची. सासूची शिस्तच तशी. अन्नाबरोबरचं काय बी चुलीत घालायचं न्हाय, उकिरड्यावर न्हाय, चिमण्यांना टाकायचं. पुढं बांध पांढऱ्या फुलांनी भरला. ते गवत त्या गव्हातनंच आलं, असं गाव म्हणायचं. तिचा मालक आकाराम त्यातच राबला आणि दम्यानं गेला. आपणच त्याला मारला, हे बाईच्या मनात बसलं ते बसलंच.

एकदा मी तडकले. "आक्का, अगं हे गवत अख्ख्या देशात हाय की! सगळं तुझ्याच सुपातनं गेलंय व्हय?"

"देशाचं देश बघंल," ती म्हणाली. "आमच्या बांधावर मीच टाकलं न्हवं? डोळं मिटायच्या आत तेवढा बांध साफ बघायचाय."

माझंच डोळं भरलं.

यंदा ती अंथरुणाला खिळली. तिचा लेक कृष्णात आईवेडा. तिला न सांगता रोज रानात खपला आणि सगळा बांध मोकळा केला. मग खुर्चीसकट टेम्पोत घालून आम्ही तिला नेलं.

नुसती काळी माती दिसत होती. आक्का हसली गं बाई, किती वर्षांनी हसली! लेकाच्या तोंडावरनं हात फिरवला. तो काहीतरी बोलायला गेला आणि खोकला आला. थांबंचना. गुडघ्यांवर हात टेकून श्वास ओढायला लागला. आकारामला अशीच धाप लागायची.

आक्कानं त्याची बाही वर सारली. कोपरापर्यंत लाल चट्टे.

"कुणी सांगितलं रं तुला?" ती किंचाळली. त्याचा हात छातीशी धरून तिनं हंबरडा फोडला. "वाढू दे मेलं! सगळं रान भरू दे. तू शिवायचं न्हाय, कृष्णात. माझ्या बाळा, तू शिवायचं न्हाय."