फ्लास्क एकच ओला

बिडवे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या कॉलेजात प्रॅक्टिकल घेत होतो. 'बरं' म्हणून फोन ठेवला आणि एका मुलीवर उगाचच खेकसलो. महिना झाला, जीव अजून थाऱ्यावर नाही. सरांना एक गोष्ट सांगायची राहिली... बारा वर्षं राहिली होती.

सर मूळचे जळकोटचे, नांदेडला माझे पीएच.डी.चे गाईड. चार-पाच मिलिग्रॅम पदार्थ दिला तरी त्यात हायड्रॉक्सिल गट किती, हे मोजून काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. शर्टाला कायम पिरिडिनचा उग्र वास. काकू त्यांना अंगणातच कपडे बदलायला लावत. हट्ट एकच : रोज आधी ब्लँक. म्हणजे पदार्थ न घालता दुसऱ्या फ्लास्कमध्ये तीच सगळी कृती करायची आणि दोन्ही रीडिंगमधला फरक धरायचा. "कालचं ब्लँक आज चालत न्हाई रे," ते म्हणायचे, "हवेतली ओल काय गप बसून राहती का? बाटलीतलं रिएजंट रोज बदलतंय."

थीसिसमधलं शेवटचं मापन होतं. लातूरची बस सुटायला आलेली. मी वहीत कालचंच ब्लँक उतरवलं.

"आजचं केलास?"

"हाव सर."

त्यांनी धुतलेले फ्लास्क ठेवायच्या रॅककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. मी डॉक्टर झालो, नोकरीला लागलो. पण तो आकडा चुकला असेल तर डिग्रीच खोटी, हे डोक्यातून जाईना. दर दिवाळीला सांगायचं ठरवून नांदेड गाठायचो. सर चहा पाजायचे, भरपूर बोलायचे, मग मध्येच थांबून विचारायचे, "आणखी काय?" "काही नाही सर," म्हणून मी उठायचो. भित्रट कुठला!

परवा काकूंनी त्यांची एक जुनी वही हातात ठेवली. "तुझं नाव हाय बघ यात." पान त्याच दिवसाचं. सरांचं बारीक अक्षर : 'फ्लास्क एकच ओला. तो गेल्यावर ब्लँक मी केलं. फरक नगण्य, निकाल बरोबर.' आणि खाली : 'स्वतः सांगेल तेव्हा दाखवायचं.'

काकू म्हणाल्या, "तू यायचा असलास की हे सकाळीच ही वही काढून टेबलावर ठेवायचे. तू गेलास की परत कपाटात."