तिरकी रेघ

आक्का आमच्या अंतराळ-संदेश केंद्रावर रिसीव्हर सांभाळत. पदानं साध्या तंत्रज्ञ, पण त्यांच्यावाचून तिथलं पान हलत नसे. मी खाली भांडारात स्क्रू आणि वायरी द्यायचो. त्यांच्याबद्दल मी लिहावं की नाही, कोण जाणे.

अठरा वर्षं आक्का एका लांबच्या यानाचे संदेश टिपत होत्या. एके दिवशी ते गप्प झालं. ते आमच्या डोक्यावर असायचं सकाळी दहा ते बारा, आणि नेमकी त्याच वेळी पडद्यावर एक ठळक रेघ यायची. डिश दुसरीकडे वळवली तरी ती हलत नसे.

"ही घरचीच," आक्का म्हणायच्या. "पृथ्वी फिरते, म्हणून लांबून आलेली रेघ तिरकी सरकते. ही खुंटासारखी उभी."

हातातला छोटा अँटेना घेऊन त्यांनी तीन आठवडे खोल्या पालथ्या घातल्या. त्या भांडाराकडे येताना दिसल्या, की मी खणातल्या डबीची वायर हळूच काढून ठेवायचो. कानयंत्राच्या बॅटरीचा चार्जर होता तो, रोज दहा ते बारा लावायचो. आवारात विजेची वस्तू आधी दाखवायची, असा नियम. पण मग कानाचंही सांगावं लागलं असतं. एवढ्याशा डबीनं काय होणार, असंही वाटायचं.

शेवटी वरून हुकूम आला: शनिवारी बारापर्यंत, मग यानाचा शोध बंद.

शनिवारी साडेअकराला आक्का जिन्यात एकट्याच बसलेल्या दिसल्या. मी चार्जर आणून त्यांच्या हातात ठेवला.

"अहो भाऊ! तीन आठवडे?"

"लाज वाटली, आक्का. ऐकणाऱ्यांच्या घरात बहिरा."

"ऐकतंय कोण इथं? आम्ही नुसत्या रेघा बघतो! चला वर."

इंजिनिअरनं डबी बघून कपाळावर हात मारला. "यंत्र बिचारं हिच्याच रेघेमागं धावत होतं, बारीक काही असलं तरी दिसणार कसं!"

ठळक रेघ पुसली गेली होती. उरले नुसते ठिपके, मुंग्यांसारखे. बाराला दहा कमी असताना माझ्या कानातली बॅटरी संपली. लोकांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

आक्कांनी माझा हात धरून बोट पडद्याच्या काचेवर टेकवलं आणि हळूहळू वर सरकवलं. बोटाखाली ठिपके जरा दाट होते. केसाएवढी बारीक रेघ. तिरकी.

मी मागे वळून पाहिलं. इंजिनिअर टेबल बडवत होता. आक्का चष्मा पुसत होत्या.